रोशाचं तेल, खानदेशच्या भट्ट्या आणि दादांची जखम

लोणी भापकरला आमचं घर गावाच्या कडेला आहे. बाहेरचे लोक गावात येतात ते मल्लिकार्जुनाचं जुनं मंदिर, तिथली पुष्करणी आणि दगडातला यज्ञवराह पाहायला. आम्हा पोरांना त्या पुष्करणीच्या पायऱ्या म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत बसायची जागा. बारामतीच्या ज्या भागाला कॅनॉलचं पाणी मिळालं, त्या भागात आम्ही नव्हतो. आमचा पट्टा जिरायती. त्यामुळे माझ्या आजोबांनी शेतीच्या जोडीला फिरता धंदा धरला होता. आमच्या घरात आजोबांना दादा म्हणतात. दादा अत्तर, सुरमा, उदबत्ती आणि तेलाच्या लहान बाटल्या विकत. सुप्याचा उरूस, मोरगावची जत्रा, आसपासचे आठवडी बाजार ही त्यांची वर्षाची फेरी. माल पुण्याच्या रविवार पेठेतून यायचा आणि पत्र्याच्या एका निळ्या पेटीत राहायचा.

त्या पेटीत एक जाड काचेची बाटली होती. तिच्यातलं पिवळसर तेल गुलाबासारखं वासायचं, पण त्या वासात कापलेल्या गवताचा हिरवेपणाही असायचा. ते रोशाचं तेल. गुडघेदुखीला चोळायचं, डास लागू नयेत म्हणून अंगाला फासायचं, खरूज-गजकर्णाला लावायचं आणि जखमेवर बोटभर टाकायचं. दादांचं ठरलेलं वाक्य होतं, "लगा दे जरासा, जखम सूख जाती." गिऱ्हाईक हिंदू असो वा मुसलमान, वाक्य हेच आणि याच बोलीत.

हा लेख त्या बाटलीबद्दल आहे. तिच्या मागचा इतिहास मला फार उशिरा कळला. तो वाचला तेव्हा मला अभिमानही वाटला आणि अस्वस्थताही आली. दोन्हींची कारणं सांगतो.

गवत आणि त्याची नावं

रोशा हे गवत आहे. मराठीत त्याला तिखाडी असंही म्हणतात, संस्कृतात रोहिष. गवती चहाचा हा जवळचा भाऊ. गवती चहाच्या पातीला लिंबाचा वास असतो, रोशाला गुलाबाचा. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. त्यातलं 'मार्टिनी' हे लखनौच्या नवाबाच्या पदरी राहिलेल्या क्लॉड मार्टिन या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यावरून आलं. टिपू सुलतानाशी चाललेल्या लढाईच्या काळात फौजेबरोबर दक्षिणेत असताना त्यानं पाहिलं की जनावरं हे गवत आवडीनं खातात आणि त्याचा वास इतका उग्र की तो दुधालोण्यालाही लागतो. त्यानं बी जमवून लखनौत लावलं आणि कलकत्त्याला विल्यम रॉक्सबर्गकडे पाठवलं. गवत इथल्या डोंगरातलं, त्याचा वास ओळखणारे इथले गुराखी, पण नाव लागलं मार्टिनचं. या कथेत असं पुन्हा पुन्हा होणार आहे, म्हणून इथेच लक्षात ठेवा.

या तेलाची इंग्रजी वैद्यकातली पहिली ठळक नोंद १८२५ सालची. कलकत्त्याच्या वैद्यकीय संस्थेच्या कामकाजात मॅक्सवेल नावाच्या डॉक्टरानं निमाड भागातल्या 'गवताच्या तेला'बद्दल लिहिलं. दोन वर्षांनी फोर्साइथनं त्यात भर घातली. म्हणजे इंग्रज डॉक्टरांना हे तेल दिसलं तेव्हा निमाड-खानदेशात ते गाळण्याची रीत रुळलेली होती. त्यांनी ते शोधलं नाही, फक्त कागदावर आणलं.

नाल्याकाठच्या भट्ट्या

या उद्योगाचं सविस्तर वर्णन १८८० साली छापलेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये आहे. मुंबईतले डॉ. विल्यम डिमॉक यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हिंदुस्थानी औषधी वनस्पतींवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही ते आलं आहे. तिथे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एका वाक्यावर थांबलो. हे तेल काढणारे लोक मुसलमान आहेत, असं ते वाक्य होतं.

आधी हा धंदा पिंपळनेरला होता. तिथलं गवत कमी पडू लागलं तसा तो नंदुरबार, शहादा, तळोदा आणि अक्राणीच्या डोंगरांकडे सरकला. पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या सुमारास, गवत पिकायला लागलं की तेलवाले भिल्लांकडून ते विकत घेत, गंजी रचत आणि जिथे सरपण आणि पाणी दोन्ही मुबलक अशा ओढ्याच्या काठी भट्टी लावत. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा. त्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी देग, तीसपासून पन्नास घागरी पाणी मावेल एवढी. आधी थोडं पाणी, मग काठोकाठ चिरलेलं गवत, वर पुन्हा थोडं पाणी. तोंडावर धातूचं झाकण आणि फटी गव्हाच्या कणकेनं लिंपलेल्या. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे. तिला फडकं गुंडाळून उडदाच्या पिठाचा लेप द्यायचा आणि वरून दोरीनं आवळायचं. ही नळी दुसऱ्या बंद भांड्यात जाई आणि ते भांडं वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेलं असे.

खाली जाळ लागला की वाफ गवतातून तेल उचलून नळीत जाई आणि गार होऊन दुसऱ्या भांड्यात उतरे. ते भांडं भरत आलं की हलू लागे. मग नळी अलगद काढून पाणी तिसऱ्या भांड्यात ओतायचं आणि ढवळायचं. हळूहळू वर तेलाचा तवंग येई, तो निपटून घ्यायचा. उरलेलं वासाचं पाणी टाकून न देता पुढच्या गवताबरोबर पुन्हा देगेत.

यात काय काय आलं पाहा. कणीक वाफेनं फुगून फट बंद करते. उडदाचं पीठ चिकट, ते वाळल्यावर कडक होतं. वाहता ओढा म्हणजे फुकटचं शीतक यंत्र. भांडं हलतं ही भरल्याची खूण. तेलाचा थोडा अंश पाण्यात विरघळलेला राहतो, म्हणून ते पाणी परत वापरायचं. यासाठी लागणारं शास्त्र कुठल्या पुस्तकातून नाही, हातातून आलेलं होतं. गवताची पारखही तशीच. फुलोरा कोवळा, निळसर पांढरा असेल तर 'मोतिया'. पिकून लालसर झाला की 'सोफिया'. मोतियाचं तेल नाजूक वासाचं आणि महाग, सोफियाचं हलकं. पुढे वनस्पतिशास्त्रानं मोतिया आणि सोफिया हे एकाच जातीतले दोन वेगळे प्रकार ठरवले, पण व्यापारात आजही नावं तीच आहेत, भट्टीवाल्यांनी दिलेली.

१८७९-८० साली खानदेशात अशा १९७ भट्ट्या होत्या आणि त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट तेल निघालं. आजच्या मापात साधारण ३६०० किलो. शंभर किलो गवतातून तीन-चारशे ग्रॅम तेल निघतं असं धरलं, तर त्या एका हंगामात हजार टनांच्या आसपास गवत कापलं गेलं असणार. ते कापलं भिल्लांनी, डोंगरउतारावर, विळ्यानं. गॅझेटियर तेल काढणाऱ्यांना 'मुसलमान' म्हणतं आणि गवत कापणाऱ्यांना 'भिल्ल'. दोघांपैकी एकाही माणसाचं नाव त्या वर्णनात येत नाही.

बुधल्यातून इस्तंबूलपर्यंत

तयार तेल कातड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादलं जाई. एक वाट कोंडाईबारी घाटातून सुरतेला, दुसरी धुळे-मनमाडवरून मुंबईला. मुंबईत व्यापारी त्यात टर्पेंटाइन किंवा भुईमूग, मोहरी, जवस यांची तेलं मिसळत. तिथून माल तांबड्या समुद्रातल्या बंदरांकडे आणि अरब व्यापाऱ्यांच्या हातून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे इस्तंबूलला पोचे.

तिथे त्याचं जे होई ते ऐकण्यासारखं आहे. तेलात लिंबाचा रस घातलेलं पाणी मिसळून, हलवून ते उन्हात ठेवत. त्यानं रंग फिका पडे आणि वास मऊ होई. मग ते बल्गेरियातल्या काझानलिकच्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. तेव्हा बल्गेरिया उस्मानी सल्तनतीचा भाग होता. गुलाबाचं अत्तर सोन्याच्या भावाचं, रोशाचं तेल त्यापुढे स्वस्त, आणि नाकाला फरक कळणं अवघड. युरोपात सुटं विकलं जाणारं रोशाचं तेल 'तुर्की जिरेनियम तेल' म्हणून ओळखलं जाई. त्याचा तुर्कस्तानशी संबंध एवढाच की ते तिथल्या बाजारातून जाई, आणि जिरेनियमशी तर काहीच नाही.

पुढची गंमत रसायनशास्त्राची. १८७१ साली याकोबसेन या जर्मन रसायनतज्ज्ञानं या तेलातला मुख्य घटक वेगळा काढला. तेल 'जिरेनियम'च्या नावानं विकलं जात असल्यामुळे त्या घटकाचं नाव पडलं जिरेनिऑल. आज जगभरच्या साबणात, शाम्पूत आणि अत्तरात हे जिरेनिऑल असतं. रोशाच्या चांगल्या तेलात ते पाऊण हिश्शाहून जास्त असतं. गुलाबाच्या तेलातही ते मुख्य घटकांपैकी एक आहे, म्हणूनच भेसळ खपून जायची. गवत आपलं, पण रेणूला नाव मिळालं भलत्याच झाडाचं आणि तेही बाजारातल्या खोट्या लेबलावरून.

देग कुठून आली

खानदेशच्या त्या भट्टीवाल्यांकडे ही कला नेमकी कोणत्या वाटेनं आली, हे मी ठामपणे सांगणार नाही. पण ज्या जगात ती वाढली ते जग आपल्याला माहीत आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदीनं अत्तरं आणि ऊर्ध्वपातन यांवर पुस्तक लिहिलं, त्यात शंभराहून अधिक कृती आहेत. खानदेशाच्या वर, नर्मदेपलीकडे मांडूत, सुलतान गियासशाह आणि त्याचा मुलगा नासिरशाह यांच्या काळात, म्हणजे १५०० सालाच्या आगेमागे, 'निमतनामा' तयार झाला. त्यात सामोशांच्या कृतींच्या शेजारी सुगंधांच्या कृती आहेत. विजापुरात इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या दरबारात 'इत्र-ए-नवरसशाही' हा सुगंधांवरचा ग्रंथ लिहिला गेला. आमचा सुपे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता आणि निजामशाही-आदिलशाहीच्या उलाढालीत सापडलेला होता. त्या काळचं दख्खन म्हणजे केवळ लढाया नव्हेत, हे इथे सुचवावंसं वाटतं.

जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत लिहितो की नूरजहानची आई गुलाबपाणी करत असताना गरम गुलाबपाण्यावर तेलाचा तवंग आलेला तिला दिसला. तिनं तो जमवला. सलीमा सुलतान बेगमनं त्याला 'इत्र-ए-जहांगिरी' नाव दिलं. तो तवंग आणि नंदुरबारच्या ओढ्याकाठी निपटून घेतलेला तवंग, कृती एकच. फरक इतकाच की महालातल्या तवंगाला बाईचं आणि बादशहाचं नाव मिळालं, ओढ्याकाठच्या तवंगाला कुणाचंच नाही. मुस्लिम इतिहास म्हणजे बादशहा आणि किल्ले असं मानण्याची सवय आपल्याकडे विरोधकांनाही आहे आणि अभिमान्यांनाही. त्यामुळे देगेला कणीक लावणारा माणूस दोन्हीकडच्या इतिहासातून सुटतो.

हा झाला अभिमानाचा भाग. आता दुसरा.

दादांची जखम

१९८१ सालच्या पावसाळ्याअखेरची गोष्ट. मी तेव्हा चौथीत होतो. दादा पहाटे गोठ्यात गेले आणि शेणात पडलेला एक गंजका खिळा त्यांच्या टाचेत खोल शिरला. त्यांनी तो स्वतः उपटला, पाय धुतला आणि निळी पेटी उघडली. आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ रोशाचं तेल. वरची जखम खरंच सुकली. पू नाही, वास नाही, सूज नाही. दादीमा म्हणाली, "देख, दादा का तेल." अब्बांनी एकदा बारामतीला जाऊन सुई घेऊन येऊ म्हटलं, तर दादा हसले. लोकांना जे विकतो त्यावर आपलाच भरवसा नाही असं कसं चालेल, हा त्यांचा सवाल होता. तो बिनतोड वाटला आणि अब्बा गप्प बसले.

नवव्या दिवशी सकाळी त्यांना भाकरी चावता येईना. दादीमाला वाटलं दाढ दुखते. दुपारी मान ताठली. संध्याकाळपर्यंत दातखीळ बसली. एसटीनं बारामतीला नेलं तोवर दिवा लावला, दार वाजलं, तरी अंग कमानीसारखं वाकत होतं. धनुर्वात हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि त्यातलं धनुष्य डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी दादा गेले.

डॉक्टरांचा यात दोष नव्हता. आम्हीच उशिरा पोचलो होतो. अब्बांनी ती पेटी माळ्यावर टाकली आणि पुन्हा कधी उघडली नाही. घरात कुणी त्या तेलाचं नाव काढत नसे. मी मात्र कित्येक वर्षं दोन्ही बाजूंनी विचार करत राहिलो. तेल खोटं होतं का? मग जखम सुकली कशी? आणि खरं होतं, तर दादा गेले कसे?

तेल काय करतं आणि काय करत नाही

उत्तर शोधताना कळलं की हा प्रश्न प्रयोगशाळेत फार आधीच विचारला गेला होता. खानदेशात त्या १९७ भट्ट्या पेटत होत्या त्याच दशकात युरोपात जंतुशास्त्र उभं राहत होतं. १८८७ साली, पाश्चर संस्थेच्या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी, पाश्चरचा सहकारी चार्ल्स शांबरलां यानं वनस्पतींच्या सुगंधी तेलांच्या जंतुनाशक गुणांवर लेख लिहिला. त्यानं ही तेलं अँथ्रॅक्सच्या, म्हणजे आपल्याकडे जनावरांच्या फाशीच्या जंतूवर तपासली होती. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षं हे काम चालू आहे.

त्यातून जे दिसतं ते थोडक्यात असं. सुगंधी तेलं जंतू मारतात हे खरं आहे. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल हे त्यातले कडक घटक. ओव्याच्या फुलाची, म्हणजे थायमॉलच्या खड्यांची, डॉक्टरीत एकेकाळी एवढी मागणी होती की पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातला ओवा जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल निघे. रोशातलं जिरेनिऑल हे अल्कोहोल वर्गातलं, तेही चांगलं काम करतं. हे रेणू तेलात रमणारे असतात. जंतूच्या पेशीचं आवरणही चरबीचं असतं. रेणू त्या आवरणात घुसतात, ते सैल पडतं, आतले क्षार आणि रस बाहेर झिरपतात आणि जंतू मरतो. ग्रॅम या डॅनिश शास्त्रज्ञानं १८८४ साली रंग देऊन जंतूंचे जे दोन गट पाडले, त्यांतले ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू साधारणपणे लवकर मरतात. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस हा त्यातलाच. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, ते चिवटपणे तग धरतात.

म्हणजे दादांच्या टाचेवरची जखम सुकण्यात तेलाचा वाटा असू शकतो. वरवरच्या जखमेवर, त्वचेवरच्या जंतूंवर ते काम करतं. गिऱ्हाइकं परत परत येत होती ती उगीच नाही.

आता दुसरी बाजू. धनुर्वाताचा जंतूही ग्रॅम-पॉझिटिव्ह आहे. कागदावर वाचलं तर वाटावं, मग तेलानं तो मरायलाच हवा. पण तो मातीत आणि शेणात बीजाणूच्या रूपात राहतो. बीजाणू म्हणजे जंतूनं स्वतःभोवती घातलेलं जाड कवच. ते बराच वेळ उकळूनही टिकतं, तिथे तेलाचा पाड लागत नाही. या जंतूला हवा नको असते. खोल, अरुंद जखमेत, जिथे हवा पोचत नाही, तिथे तो कवच सोडून वाढतो. वरून जखम सुकली, तोंड बंद झालं, की आत त्याला हवी तशी जागा मिळते. आणि तो स्वतः माणूस मारत नाही. मारतं त्याचं विष, जे मज्जातंतूंच्या वाटेनं वर चढतं. किटासातोनं हा जंतू १८८९ साली वेगळा वाढवला आणि पुढच्याच वर्षी बेरिंग आणि त्यानं मिळून त्या विषावरचा उतारा रक्तद्रवात दाखवला. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये विषाचं निरुपद्रवी रूप तयार झालं, तीच धनुर्वाताची लस. काही आण्यांची ती सुई दादांनी आधी घेतलेली असती तर ते वाचले असते.

काचेच्या बशीतला प्रयोग आणि माणसाचा पाय यांत हे अंतर आहे. बशीत जंतू उघड्यावर असतो, तेल थेट त्याच्यावर पडतं. शिवाय मात्रेचाही प्रश्न आहे. पेनिसिलीन दर मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये काम करतं. सुगंधी तेलांना बहुधा त्याच्या शेकडो पट जास्त मात्रा लागते, आणि एवढं तेल रक्तात उतरवलं तर जंतूच्या आधी आपल्याच पेशींची आवरणं सैल पडतील. म्हणून 'अमुक तेलानं जंतू मेला' ही बातमी खरी असूनही 'अमुक तेलानं रोग बरा होतो' हे वाक्य खोटं असू शकतं.

आज हे का सांगायचं

गेल्या काही वर्षांत माझ्या फोनवर दर आठवड्याला एखादा तरी संदेश येतो. कधी तो कलौंजीच्या तेलाचा असतो आणि त्यावर हदीसचा शिक्का मारलेला असतो. कधी गोमूत्राचा किंवा ऋषिमुनींच्या नावाचा. विकणारे वेगवेगळे, श्रद्धा वेगवेगळी, पण युक्ती एकच. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, डॉक्टर लुटतात, ही बाटली घ्या. आमच्या समाजात लसीबद्दल जी कुजबुज चालते, तिला असे संदेश खतपाणी घालतात. पूर्वजांचा मान राखायचा तर त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, दोन्ही सांगावं लागेल. खानदेशच्या भट्टीवाल्यांना वाफ, कणीक, ओढा आणि फुलोरा माहीत होता. बीजाणू माहीत नव्हते. तेव्हा ते फार थोड्यांना माहीत होते.

उलट टोकही मला पटत नाही. हे सगळं जुनाट अडाणीपण म्हणून फेकून द्यायचं, तर आजचं विज्ञान तसं करत नाही. अँटिबायोटिक्सना न जुमानणारे जंतू आज आपल्या दवाखान्यांतली मोठी चिंता आहे. यातले काही जंतू आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतात. २००९ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की जिरेनिऑल सोबत दिलं तर अशा बहुऔषध-प्रतिरोधी ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवर काही अँटिबायोटिक्स पुन्हा चालू लागतात. हे काम प्रयोगशाळेतलं आहे, त्याचं औषध झालेलं नाही. पण प्रश्न कसा विचारला गेला ते पाहा. तेल की अँटिबायोटिक असा तो नव्हता. एकट्यानं जे जमत नाही ते दोघांनी जमेल का, असा होता. लखनौच्या केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्थेनं रोशाच्या सुधारित जाती काढल्या आहेत आणि हे गवत आता शेतात पीक म्हणून घेतलं जातं. कमी पाण्यावर येणारं पीक आहे, आमच्या जिरायती पट्ट्यातल्या शेतकऱ्यानं विचार करावा असं.

आणि सुईबद्दल. १९७८ साली भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. गरोदर बायांना आणि बाळांना धनुर्वाताची लस गावोगाव मिळू लागली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं मान्य केलं. दादीमाच्या पिढीत बाळंतघरातून आठव्या दिवशी गेलेल्या मुलांबद्दल बायका हळू आवाजात बोलत. माझ्या सुनेला ते बोलणं माहीतही नाही.

अब्बा गेल्यावर घराची डागडुजी करताना ती निळी पेटी माळ्यावरून खाली आली. सुरम्याची डबी गंजली होती, उदबत्त्यांचा भुगा झाला होता. जाड काचेच्या बाटलीच्या तळाशी तेल घट्ट, तपकिरी होऊन बसलं होतं. बूच काढलं तर वास अजून होता, बराचसा गवताचा, थोडासा गुलाबाचा. नातवानं विचारलं, हे कशाचं आहे? मी त्याला नंदुरबारच्या भट्टीपासून सुरुवात केली आणि दादांच्या टाचेपर्यंत सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, मग हे लावायचं की नाही? मी म्हटलं, खरचटलं तर धुऊन लाव, वास छान आहे. खिळा लागला तर मला हाक मार, आपण आधी दवाखान्यात जाऊ.